उजेडाची साक्ष



शाळेंत हजेरी घेण्याचें काम मीं इतकीं वर्षें केलें कीं, पट हातांत नसतांनाहि तीं नांवें कधीं कधीं ओठांवर येतात. नांव पुकारावें, "हजर" असें उत्तर यावें आणि पटावर खूण करावी, इतकें तें सोपें काम. परंतु त्या सोप्या कामांत एक फट आहे, व ती पहिल्या कांहीं महिन्यांतच माझ्या ध्यानांत आली. "हजर" हा शब्द ऐकूं आला म्हणजे कोणी तरी तो उच्चारला, एवढेंच सिद्ध होतें. ज्याचें नांव पुकारलें त्यानेंच तो उच्चारला, हें सिद्ध होत नाहीं. मागच्या बांकावरचा मित्र आवाज किंचित् बदलून आपल्या सोबत्याचें उत्तर देतो, आणि मास्तर मान खालीं घालून खुणा करीत असले म्हणजे तो मुलगा घरीं झोंपलेला असूनहि शाळेंत हजर ठरतो. पुढें मी मान वर करून हजेरी घेऊं लागलों.

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, तो वरवर पाहतां शाळेपासून फार दूरचा आहे. आपल्या शरीरांतील पेशी एकमेकींचे निरोप घेतात व ते आपल्या पोटांत पोंचवितात. हे निरोप वाहून नेणारीं प्रथिनें इतकीं सूक्ष्म असतात कीं, साध्या सूक्ष्मदर्शकानें तीं दिसणें शक्य नाहीं. तेव्हां शास्त्रज्ञ त्यांची हजेरी घेतात. चकाकणारा रंग जोडलेलीं प्रतिपिंडें पेशींत सोडावयाचीं आणि कोठें उजेड पडतो तें पाहावयाचें, अशी ती पद्धति आहे. तिचा इतिहास मनोरंजक आहेच. पण मला त्यांतील जी गोष्ट विशेष मोलाची वाटली, ती म्हणजे या उजेडावर विश्वास केव्हां ठेवावा आणि केव्हां ठेवूं नये, याबद्दलची शास्त्रज्ञांची खटपट.

प्रथम प्रतिपिंड म्हणजे काय तें सांगतों. कांहीं परकीय द्रव्य शरीरांत शिरलें म्हणजे त्याच्या ठेवणीशीं नेमकें जुळणारें एक प्रथिन रक्तांत तयार होतें. तेंच प्रतिपिंड, आणि ज्या द्रव्यामुळें तें उत्पन्न झालें तें प्रतिजन. इंग्रजी वाय अक्षराप्रमाणें प्रतिपिंडाला दोन हात असतात, आणि या हातांच्या टोकांनीं तें आपल्या प्रतिजनास घट्ट धरून बसतें. सशाला किंवा उंदराला एखादें प्रथिन टोंचलें, तर त्याच्या रक्तांत त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडें तयार होतात व तीं काढून घेतां येतात. म्हणजे कोणत्याहि द्रव्याचा शोध घेण्यास हवा तसा हेर तयार करतां येतो. अडचण एवढीच कीं, तो हेर स्वतःच अदृश्य आहे.

दुसरी वस्तु म्हणजे रंग. कांहीं द्रव्यांचा स्वभाव असा असतो कीं, त्यांवर एका रंगाचा प्रकाश पडला असतां तीं दुसऱ्याच रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणास अनुदीप्ति म्हणतात. आपल्या घरांतील ट्यूबलाइट याच गुणावर चालते. नळींत उत्पन्न होणारे अतिनील किरण आपल्याला दिसत नाहींत, पण नळीच्या आंतील पांढरा लेप ते गिळतो आणि डोळ्यांस दिसणारा प्रकाश देतो. १८७१ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यानें फ्लुओरेसीन नांवाचा रंग तयार केला. त्यावर निळा प्रकाश टाकला असतां तो हिरवा प्रकाश देतो, आणि तो इतका तेजस्वी असतो कीं, पुष्कळशा पाण्यांत चिमूटभर रंग असला तरी ओळखूं यावा.

या रंगाची एक जुनी गोष्ट सांगितल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. दक्षिण जर्मनींत डॅन्यूब नदीचें पाणी एके ठिकाणीं पात्रांतील भेगांतून जमिनींत नाहींसें होतें. तें जातें कोठें, हा वाद होता. १८७७ सालीं प्राध्यापक क्नोप यांनीं त्या भेगांत इतर द्रव्यांबरोबर १० किलो फ्लुओरेसीन ओतलें. सुमारें ६० तासांनंतर १२ किलोमीटर अंतरावरील आख नदीच्या उगमाचें पाणी हिरवें चमकूं लागलें. आखचें पाणी पुढें ऱ्हाइनला मिळतें. म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्या डॅन्यूबचें पाणी जमिनीखालून चोरवाटेनें ऱ्हाइनला जात होतें. ही साक्ष कोणीहि मान्य करील. कारण तो झरा आदल्या दिवशीं हिरवा नव्हता, हें गांवांतील प्रत्येकास ठाऊक होतें.

आतां या दोन वस्तूंची गांठ कशी पडली तें पाहूं. १९३९ च्या उन्हाळ्यांत अल्बर्ट कून्स नांवाचा एक तरुण अमेरिकन डॉक्टर बर्लिनमध्यें होता. संधिवातज्वर या रोगाविषयीं तो वाचीत होता. हा ज्वर मुलांना होतो. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळें प्रथम घसा धरतो, तो बरा होतो, आणि कांहीं आठवड्यांनीं सांधे सुजतात व हृदयाच्या झडपा बिघडतात. रोग्याच्या हृदयांत ज्या बारीक गांठी सांपडतात, त्या जंतूंच्या द्रव्यामुळें होतात, असा एक तर्क होता. पण तें द्रव्य खरोखर त्या गांठींत असतें कीं नाहीं, हें कोणी पाहिलें नव्हतें. कून्सच्या मनांत आलें, त्या द्रव्याविरुद्धच्या प्रतिपिंडाला जर डोळ्यांस दिसेल अशी खूण लावतां आली, तर गांठीच्या पातळ कापावर तें टाकून स्वच्छ पाहतां येईल.

खूण लावण्याची कल्पना अगदींच नवी नव्हती. इंग्लंडांत मॅरॅक यांनीं १९३४ सालीं प्रतिपिंडांस तांबडा रंग जोडून दाखविला होता, व रंग जोडल्यावरहि प्रतिपिंड आपलें काम विसरत नाहीं, हें त्यांत दिसून आलें होतें. पण साधा रंग पेशींच्या पातळ कापांत इतका फिका पडतो कीं, तो दिसतच नाहीं. भर दुपारीं काजवा शोधण्यासारखेंच तें. काजवा दिसावयास अंधार पाहिजे. अनुदीप्त रंगाचें मर्म येथेंच आहे. त्यावर टाकलेला निळा प्रकाश कांचेच्या गाळणीनें अडवितां येतो. मग सारें क्षेत्र काळें होतें, आणि ज्या ठिकाणीं रंग आहे तेवढेंच हिरवें उजळतें.

हार्वर्ड येथें कून्सला क्रीच व जोन्स या रसायनशास्त्रज्ञांचें साहाय्य मिळालें. १९४१ सालीं त्यांनीं न्यूमोकॉकस जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांस अँथ्रासीन वर्गांतील एक द्रव्य जोडलें. अतिनील किरणांत ते जंतु निळे चमकले. एखादा उतावळा मनुष्य येथेंच थांबला असता. पण प्राण्याच्या मांसाचा काप पाहतांच असें आढळलें कीं, तो काप स्वतःच निळसर चमकतो. रंग असो वा नसो! तेव्हां निळ्या उजेडाची साक्ष निकामी ठरली. त्यांनीं तें द्रव्य सोडून हिरवा प्रकाश देणारें फ्लुओरेसीन घेतलें. त्यास प्रतिपिंडाशीं जोडण्याजोगें रूप देण्यास फॉस्जीन लागे; हाच तो पहिल्या महायुद्धांतील विषारी वायु. १९४२ सालीं, जंतूंची बाधा झालेल्या उंदरांच्या अवयवांत जंतूंचें द्रव्य नेमकें कोठें आहे तें त्यांनीं दाखविलें. मग युद्ध आलें, कून्स सैन्यांत गेला, आणि काम कांहीं वर्षें थांबलें.

परत आल्यावर त्यानें मेल्विन कॅप्लन यांच्यासह जें केलें, तें मला पहिल्या शोधाइतकेंच मोठें वाटतें. त्यांस असें दिसून आलें होतें कीं, निरोगी प्राण्याच्या कापांवरहि, जेथें जंतूंचा लवलेश नाहीं तेथेंहि, थोडा हिरवा उजेड पडतो. रंगविलेल्या रक्तरसांत कांहीं भाग असा असतो कीं, तो कोठेंहि चिकटतो. हा लबाड भाग काढून टाकण्यासाठीं त्यांनीं यकृताची वाळलेली पूड वापरली. रंगीत रक्तरस त्या पुडींत घुसळावयाचा. जें कोठेंहि चिकटणारें आहे तें पुडीलाच चिकटून बसतें, आणि प्रामाणिक तेवढें मागें राहतें. १९५० सालीं ही रीत प्रसिद्ध झाली. दुसरी परीक्षा याहून सुंदर आहे. कापावर आधीं बिनरंगी प्रतिपिंड टाकावयाचें आणि मग रंगीत. उजेड खरा असेल तर तो आतां फार मंदावला पाहिजे किंवा नाहींसा झाला पाहिजे. कारण सर्व जागा बिनरंगी प्रतिपिंडांनीं आधींच व्यापलेल्या आहेत. तरीहि काप पूर्वीसारखाच चमकला, तर समजावें कीं मागच्या बांकावरून कोणी तरी दुसराच बोलत आहे.

पुढील प्रगति मी थोडक्यांत सांगतों. १९५४ सालीं वेलर व कून्स यांनीं दुहेरी रीत वापरली. पहिलें प्रतिपिंड बिनरंगी. मग त्या प्रतिपिंडालाच धरणारें दुसरें रंगीत प्रतिपिंड. कांजिण्या आणि नागीण हे दोन्ही रोग एकाच विषाणूचे आहेत, या मतास त्या कामानें बळकटी आली. १९५८ सालीं कॅन्सस येथें या रंगाचें टिकाऊ, कोरडें रूप निघालें, तेव्हां ही विद्या सर्वांच्या आटोक्यांत आली. त्याच वर्षीं पिसाळलेल्या जनावराच्या मेंदूंत रेबीजचा विषाणु ओळखण्यास ती उपयोगांत आली, व आजहि ती परीक्षा प्रमाण मानतात. १९७५ सालीं केंब्रिज येथें क्योलर व मिल्स्टाइन यांनीं अगदीं एकाच जातीचीं प्रतिपिंडें पाहिजे तितकीं निर्माण करण्याची युक्ति शोधली. तिला १९८४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां पेशींच्या निरोपांकडे वळूं. विळीवर आपलें बोट कापलें म्हणजे जखमेपाशीं जमलेल्या रक्तबिंबिका एक द्रव्य सोडतात. त्या द्रव्याचा निरोप असा कीं, "वाढा, जखम भरून काढा." तें द्रव्य पेशीच्या आंत शिरत नाहीं. तें पेशीच्या कातडीवरील एका प्रथिनास स्पर्श करतें. तें प्रथिन आंतल्या दुसऱ्यास जागें करतें, दुसरें तिसऱ्यास, आणि अशी ही परंपरा केंद्रकापर्यंत पोंचते. हें जागें करणें म्हणजे बहुधा त्या प्रथिनास फॉस्फेटचा एक लहानसा कण जोडणें होय. प्रथिनांस असा कण जोडून त्यांचें काम चालू वा बंद करतां येतें, हें क्रेब्स व फिशर यांनीं सिअॅटल येथें १९५५ च्या सुमारास दाखविलें; नोबेल पारितोषिक मात्र १९९२ सालीं मिळालें.

या परंपरेंतील एक प्रथिन एर्क नांवाचें आहे. हायड्रोजनच्या अणूचें वजन एक धरलें, तर याच्या एका प्रकाराचें वजन सुमारें ४२,००० भरतें. निरोप आला म्हणजे त्यास फॉस्फेटचे दोन कण लागतात, आणि प्रत्येकानें वजनांत भर पडते अवघी ८०. म्हणजे झोंपलेलें एर्क ४२,००० आणि जागें एर्क ४२,१६०. अर्ध्या टक्क्याचाहि फरक नाहीं. आणि या एवढ्याशा फरकावर जखम भरणें अवलंबून असतें; इतकेंच नव्हे, तर कांहीं प्रकारच्या कर्करोगांत हेंच एर्क विनाकारण सतत जागें राहतें व पेशी वाढतच जातात. म्हणून संशोधकास एर्क आहे कीं नाहीं एवढें कळून भागत नाहीं. तें जागें आहे कीं निजलेलें, हें कळलें पाहिजे. एकाच मुलाला टोपी घातलेला असतां ओळखावयाचें आणि टोपी काढली असतां ओळखावयाचें नाहीं, अशा तऱ्हेचा हेर येथें लागतो. तसे हेर निघाले. १९८१ सालीं रॉस, बाल्टिमोर व आयसेन यांनीं टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट असेल तरच धरणारीं प्रतिपिंडें प्रसिद्ध केलीं. आज अशा प्रतिपिंडांनीं एर्कचें चित्र काढतां येतें. निरोप येण्यापूर्वीं पेशी जवळजवळ काळी असते. निरोप मिळाल्यानंतर थोड्याच मिनिटांत ती उजळते, आणि तो उजेड केंद्रकांत जाऊन बसतो. कर्करोगावर एखादें नवें औषध दिलें असतां हा उजेड विझतो कीं नाहीं, यावरून औषधाची पारख करतात.

येथेंच मला माझा हजेरीपट आठवतो. पेशींत हजारों प्रकारचीं प्रथिनें असतात. त्यांपैकीं कित्येकांचे तोंडवळे एकमेकांसारखे, आणि फॉस्फेटचा कण तर शेंकडोंच्या अंगावर. प्रतिपिंडाच्या कुपीवर जें नांव छापलेलें असतें, त्याच प्रथिनास तें धरील याची हमी कोण देणार? छापलेलें नांव हें विकणाऱ्याचें म्हणणें होय. तो पुरावा नव्हे.

याचे परिणाम काल्पनिक नाहींत. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत डेव्हिड रिम नांवाचे रोगनिदानतज्ज्ञ आहेत. मेलॅनोमा हा त्वचेचा घातक कर्करोग. त्याच्या कोणत्या रोग्यास तीव्र उपचार द्यावे, हें ठरविण्याची एक चाचणी त्यांनीं २००६ च्या सुमारास प्रतिपिंडांच्या साहाय्यानें बसविली होती. प्राण वांचतील अशी आशा वाटत होती. मग त्यांनीं त्याच प्रतिपिंडांचा नवा साठा मागविला आणि चाचणी पुन्हां करून पाहिली, तों उत्तरें निराळीं! नांव तेंच, कुपी तीच, आणि साक्ष वेगळी. ती चाचणी रोग्यांपर्यंत गेली नाहीं. रिम यांनीं नंतर प्रतिपिंडांची पारख कशी करावी, याच विषयास वाहून घेतलें. मला या गृहस्थांविषयीं फार आदर वाटतो. जुन्याच साठ्यावर समाधान मानून गप्प बसणें त्यांस किती सोपें होतें!

दुसरें उदाहरण स्वीडनमधील आहे. स्त्रीसंप्रेरकाचा निरोप स्वीकारणारें एक प्रथिन १९९६ सालीं सांपडलें. तें अमुक अवयवांत आहे, स्तनांत आहे, स्तनाच्या कर्करोगांत आहे, असे लेखांवर लेख निघाले. २०१७ सालीं स्वीडिश संशोधकांनीं या प्रथिनाविरुद्धचीं १३ प्रतिपिंडें घेऊन काटेकोर परीक्षा केली. त्यांत फक्त एक खरें निघालें. आणि त्या एका खऱ्या प्रतिपिंडानें पाहिलें, तेव्हां निरोगी स्तनांत वा स्तनाच्या कर्करोगांत तें प्रथिन आढळलेंच नाहीं. वीस वर्षांच्या त्या लेखांत दाखविलेला उजेड सारा खोटा होता असें मी म्हणत नाहीं. पण त्यांतील किती उजेड दुसऱ्याच कोणाचा होता, हें आतां कोण निवडणार?

यावर उपाय आहे, आणि तो मान वर करून हजेरी घेण्याचाच आहे. हल्लीं पेशींच्या जनुकांत फेरफार करून एखादें प्रथिन मुळींच तयार होणार नाहीं अशा पेशी बनवितां येतात. त्या पेशींवर प्रतिपिंड टाकावें. ज्याचें नांव पुकारीत आहों तो मुलगा वर्गांत नाहीं, हें आपल्याला ठाऊक आहे; तरीहि "हजर" ऐकूं आलें, तर तो प्रतिपिंड निरुपयोगी. माँट्रिअल येथील संशोधकांनीं अशाच रीतीनें ६५ प्रथिनांविरुद्धच्या ६१४ विकाऊ प्रतिपिंडांची परीक्षा घेऊन २०२३ सालीं निकाल प्रसिद्ध केला. अनेक प्रतिपिंडें नापास झालीं, आणि नापास झालेल्यांवर विसंबून लिहिलेले लेख दर प्रथिनामागें सरासरी सुमारें १२ निघाले. समाधानाची बाब अशी कीं, निम्म्याहून अधिक प्रथिनांसाठीं निदान एक तरी उत्तम प्रतिपिंड बाजारांत होतें. फक्त कोणतें, तें कोणी तपासलें नव्हतें. एर्कसारख्या प्रथिनासाठीं आणखी एक परीक्षा आहे. फॉस्फेट कापून काढणारें द्रव्य पेशींवर टाकावयाचें. टोपी गेली कीं उजेड गेला पाहिजे. म्हणून चांगल्या लेखांत उजळलेल्या चित्राशेजारीं एक काळें चित्र छापलेलें असतें. त्यांत पाहण्यासारखें कांहीं नसतें, आणि तेंच त्याचें महत्त्व.

वेळ संपत आली. तरी कून्सच्या मूळच्या प्रश्नाचें काय झालें, तें सांगितलें पाहिजे. संधिवातज्वराच्या त्या गांठी त्याच्या हातून सुटल्या नाहींत. परंतु त्याचे सहकारी कॅप्लन यांनीं त्या रोगाचा पिच्छा सोडला नाहीं. त्यांनीं सशांत तयार केलेलीं स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धचीं प्रतिपिंडें मनुष्याच्या हृदयाच्या कापांवर टाकून पाहिलीं. त्या कापांत जंतु नव्हते. तरी हृदयाचा स्नायु उजळला. आजवर मीं जें सांगितलें त्याप्रमाणें पाहतां ही खोटी हजेरीच होय, आणि दुसऱ्या कोणी ती चूक म्हणून टाकून दिली असती. कॅप्लन यांनीं तीच प्रतिपिंडें आधीं जंतूंबरोबर मिसळून शोषून घेतलीं. मग हृदय उजळेना. म्हणजे जंतूला धरणारा आणि हृदयाला धरणारा प्रतिपिंड एकच होता. जंतूचें नांव पुकारलें असतां हृदयाचा स्नायु "हजर" म्हणत होता, कारण दोघांच्या अंगांतील कांहीं भाग एकमेकांसारखा आहे. १९६२ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. घसा धरलेल्या मुलाच्या रक्तांत जंतूंशीं झुंजण्यासाठीं जीं प्रतिपिंडें उत्पन्न होतात, तींहि हीच चूक करतात, आणि जंतु निघून गेल्यावर त्या मुलाच्याच हृदयावर जाऊन बसतात, असें आज मानलें जातें.